कंटाळ्याला बसायला जागा

बाबा, तुमची नात पुण्याची नोकरी सोडायचं म्हणते आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती तुमच्या मांडीवर बसून वरणभात खायची, आता मोबाइलवरच्या खेळांसाठी चित्रं काढते. डोंगर, राक्षस, उडणारी गावं, असलं काय काय. वर्ध्यात कुणालाही तिच्या कामाबद्दल सांगितलं की समोरचा माणूस खुर्ची ओढून ऐकायला बसतो, आणि खरं सांगायचं तर त्या ओढलेल्या खुर्चीची मला चटक लागली आहे. तर या मुलीने गुपचूप परीक्षा दिली आणि इथेच, वर्ध्यातल्या एका सरकारी कार्यालयात, तिला लिपिकाची जागा मिळाली. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. तिचे वडील म्हणतात, पोरीचं डोकं फिरलं. ती काल फोनवर मला म्हणाली, "आई, तिथे काहीच इंटरेस्टिंग नसेल, मला माहितीये. पण संध्याकाळी मी माझी असेन. हे इतकं वाईट आहे का गं?" उद्या बोलू म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून तुम्ही डोक्यात आहात आणि तुमची ती लोखंडी चावी.

त्या चावीचं आता कुणाला सांगून पटत नाही. माझ्या खांद्याएवढी उंच, वर आडवा दांडा, सायकलच्या नळीला सुतळीने बांधलेली. आई झुंजूमुंजू होताच भाजीची टोपली घेऊन देवळीच्या बाजाराची एसटी धरायची, म्हणून मी तुमच्या मागे कॅरिअरवर. गावाची टाकी भरली की तुमचं काम सुरू. रस्त्यातल्या खड्ड्याचं झाकण उचलायचं, चावी आतल्या व्हॉल्व्हला लावून फिरवायची, एका वस्तीचे नळ सुरू. मग बसायचं. पुरेसं पाणी गेलं की चावी उलटी फिरवायची आणि पुढच्या वस्तीच्या खड्ड्यापाशी जाऊन पुन्हा तेच. मी अभ्यास करते आहे, तो संपला की मुंगळे बघते आहे, आणि तुम्ही जांभया देता आहात. जबडा निखळेल अशा, आवाज करून, रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याची लाज न बाळगता. एकदा मी विचारलं, बाबा, तुम्हाला कंटाळा नाही का येत? दुसऱ्या एखाद्या बापाने लेकीला कष्टाची थोरवी ऐकवली असती. तुम्ही म्हणालात, "येते नं. लय येते. येऊ दे, पाव्हणा हाय तो. त्याले बसाले जागा दे, पाणी दे, अन् आपलं काम कर. थोड्या वेळानं जाते तो बी."

एकदा तो पाहुणा तुम्हाला घेऊनच झोपला. उन्हाळ्याचे दिवस, कडुलिंबाची सावली, मी सकाळच्या शाळेत गेलेली, त्यामुळे उठवायला कुणी नाही. वरच्या वस्तीचे नळ वाहतच राहिले. तिकडे अंगणं धुऊन झाली, म्हशी धुऊन झाल्या, आणि टाकी रिकामी. मी शाळेतून आले तर खालच्या वस्तीतल्या बाया रिकामे गुंड, कळशा घेऊन आपल्या दारात बसलेल्या. त्यांतल्या सर्वांत फटकळ म्हातारीने पाण्याचं काय झालं म्हणून विचारलं. मोटर बिघडली, वीज गेली, काहीही सांगता आलं असतं. तुम्ही म्हणालात, झोप लागली. म्हातारी भांडायची पूर्ण तयारी करून आली होती, ती गुंड उचलून चालू लागली. तुम्ही वाढलेलं ताट झाकून ठेवलंत, टाकी भरेपर्यंत तिथे जाऊन बसलात आणि भर उन्हात खालच्या वस्तीला पाणी दिलंत. परत आल्यावर मी तुमची बाजू घेतली. एवढं रटाळ काम, झोप येणारच, असं काहीतरी म्हणाले. त्यावर मात्र तुम्ही माझ्यावर चिडलात. "कंटाळा माहा हाय. तहान त्यायची हाय. दोन्ही एका ताटात कालवाचं नाई." मग ताट उघडून थंड झालेली भाकर खायला बसलात.

आणि मग ते विहिरीचं पाणी टाकीत चढवणारं पंपहाउस. तिथला माणूस मुलाकडे राहायला गेला म्हणून मोटर चालवायचं काम तुमच्याकडे आलं. तुम्ही काय खूश होतात! चुलीपाशी बसून आईला तोंडाने मोटरचे आवाज काढून दाखवायचात, हा चांगला आवाज, हा दुखण्याचा. आई म्हणायची, माझं काही दुखलं-खुपलं तर असं ओळखता येतं का तुम्हाला? जांभया बंद झाल्या. पण जेवताना गिरणीचा आवाज आला, म्हणजे वीज आली, की तुमच्या हातातला घास तिथेच थांबायचा. केळझरला माझ्या मामेबहिणीचं लग्न लागत होतं, सगळ्यांच्या हातात अक्षता, आणि तुम्ही मांडवाबाहेर उभे राहून गावाकडून आलेल्या एकाला विचारता आहात, आपल्याकडे वीज आहे ना? तुमच्या वाटच्या अक्षता आईनेच टाकल्या. त्याच दिवसांत आमच्या वर्गात साप निघाला होता. मी रंगवून रंगवून सांगत होते, तुम्ही हं हं करत होतात, आणि शेवटी म्हणालात, "काय सांगत होती तू?" मी पुन्हा सांगितलं. तुम्ही पुन्हा तेच विचारलंत.

दिवाळीच्या आत तुम्ही स्वतः मागून चावी परत घेतलीत. गावात लोकांना वाटलं, तुमच्या हातून काहीतरी बिघडलं आणि तुम्हाला काढलं. तुम्ही कुणाचा गैरसमज दूर करायला गेला नाहीत. मला खूप पुढे कळलं, कॉलेजच्या प्रवेशासाठी आपण दोघं वर्ध्याला चाललो होतो तेव्हा. एसटीत खिडकीबाहेर बघत तुम्ही म्हणालात, "लय आवडे मले ते काम. तो आवाज अजून कानात हाय. पण घरी आलो तरी मी तिथंच राहो. तू बोले, अन् मले मोटर ऐकू ये." मग म्हणालात की चावीचं बरं असतं, खड्ड्यावर झाकण ठेवलं की काम तिथेच राहतं.

पंपहाउस सोडल्यानंतरच्या संध्याकाळी मला सगळ्यांत जास्त आठवतात. आई भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसून लसूण सोलता आहात, आणि मला म्हणता, "हं, पयल्यापासून सांग." मी पहिल्यापासून सांगायची. कोण कुणाशेजारी बसलं, कुणाची पेन्सिल हरवली, बाई काय म्हणाल्या. मधेच मी काही गाळलं तर तुम्ही अडवायचात, आणि त्या पेन्सिलीचं काय झालं? त्यात तुम्हाला रमण्यासारखं काय असणार होतं, बाबा? पण दिवसभर ज्याला कुणी हात लावला नाही असं सगळं लक्ष तुम्ही घरी घेऊन यायचात आणि आमच्यावर खर्च करायचात. मी आज चार माणसांत न अडखळता बोलते ते त्या लसणाच्या टोपलीपाशी शिकले. त्याबद्दल तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. आज म्हणते, बाबा, फार मोठं देणं दिलंत तुम्ही मला.

म्हणून मी काही कंटाळ्याची आरती ओवाळणार नाही. मला रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि पहिल्याच महिन्यात मी रडत घरी आले, की रोज त्याच काचा, रोज तेच थेंब, तीच मोजणी. तुम्ही ऐकून घेतलंत. पुढच्या खेपेला वर्ध्याला आलात ते आईकडून जुन्या वाकळीची चौकोनी गादी शिवून घेऊनच. सगळ्यांसमोर ती माझ्या स्टुलावर ठेवलीत आणि म्हणालात, "बसाचं काम हाय. काम कसं बी असो, बूड नाई दुखलं पायजे." सगळी प्रयोगशाळा हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या गादीच्या खोळी कितीदा बदलल्या, गादी तीच आहे. आणि एखाद्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली हिवतापाचा जंतू दिसतो, अंगठीसारखा, अगदी स्पष्ट, तेव्हा मी जेवण विसरते हेही खरं आहे. असे दिवस नसते तर मी इतकी वर्षं टिकले असते की नाही, सांगता येत नाही. त्या दिवशी मला तुमचं पंपहाउस कळतं.

पण या दिवाळीत लेक घरी आली होती. चकली एका हातात, दुसरा हात लॅपटॉपवर. मी शेजारणीची काहीतरी गंमत सांगत होते. ती हं हं करत होती, आणि मग मान वर करून म्हणाली, "काय सांगत होतीस, आई?" मी पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा तेच विचारलं आणि स्वतःच रडायला लागली. मला वाटलं, झोप झाली नसेल.

आज दुपारी मी तिला फोन केला. तुमच्या तेराव्याला लोक म्हणाले होते की तुमचं कामावर जिवापाड प्रेम होतं, आणि मीही तिला लहानपणापासून तेच सांगत आले होते. आज खरं सांगितलं. आजोबा जांभया द्यायचे म्हटलं, मोठमोठ्या. ती खूप हसली. मग पंपहाउसचं सांगितलं. कंटाळा येणार, हेही बजावलं. त्याला बसायला जागा दे, पण समोर कागद घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्याचा त्रास होऊ देऊ नकोस म्हटलं, आणि चित्रं स्वतःसाठी काढत राहा. गादी मी देते. "येते मी वर्ध्याला," ती म्हणाली, आणि लगेच, "आजोबांचं अजून सांग ना." आमचं बोलणं संपेचना, म्हणून संध्याकाळची भाजी आज तिच्या वडिलांनी केली, जरा खारट झाली. उद्यापासून खुर्ची ओढून बसणारं कुणी नसेल, त्याचं मला थोडं वाईट वाटतं आहे, वाटू दे.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून घडी करून, लेकीसाठी घरी आणलेल्या गादीच्या खोळीत सरकवते आहे. एक गोष्ट मात्र तुम्हाला कधी सांगितली नव्हती. त्या खड्ड्यांशेजारी बसून राहायचा मलाही भयंकर कंटाळा यायचा, बाबा. पुढे आत्या आपल्याकडे राहायला आली तेव्हा तुम्ही म्हणालात, आता घरी थांबत जा. मी म्हणाले, नको, तिथे माझा अभ्यास चांगला होतो, आणि कॅरिअरवर चढून बसले. अभ्यास तर घरीही झाला असता.