आरशाबरोबर हललेले डोळे

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा जेवढ्या वयाचे होतात, तेवढ्या वयाची मी या वर्षी झाले. नागपूरच्या या फ्लॅटमध्ये मी एकटीच असते. जेवताना रेडिओ लावून ठेवते, घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून. हे तुमच्या कानावर घातलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, ‘सवय लाव.’ आई गेली तेव्हाही तुम्ही एवढंच म्हणाला होतात, आणि चौथ्या दिवशी दवाखाना उघडला होतात.

मारेगावातला तो दोन खोल्यांचा दवाखाना. बाहेरच्या खोलीत लांब बाक, त्यावर डोळ्यांत थेंब टाकून मिटल्या डोळ्यांनी बसलेली माणसं. कापूस वेचणीच्या दिवसांत पऱ्हाटीचं टोक डोळ्याला लागलेल्या बाया यायच्या. कुणी आधीच पाल्याचा रस पिळून आलेली असली की तुमचा फौजी आवाज रस्त्यापर्यंत जायचा, ‘डोळा आहे का चटणीचा पाटा? कायले टाकलं हे?’ आणि ओरडता ओरडताच तुमचे हात इतक्या हलक्याने तिची पापणी उघडत असायचे की ती बाई हसायची. रविवारी तुम्ही घरी नसायचातच. स्कूटरवर पेटी बांधून कुठल्या तरी गावच्या शाळेत फुकट डोळे तपासायला जायचात. फौजेत डॉक्टर असताना तोफांजवळच्या नेमणुकीत तुमचा डावा कान गेला होता, म्हणून तुम्ही उजवा कान पुढे करून रोग्याकडे झुकायचात. लोकांना वाटायचं, साहेब किती मन लावून ऐकतात. ऐकतही होतात. मी मात्र जेवताना तुमच्या डावीकडे बसायचे आणि हळू आवाजात आईबद्दल बोलायचे. तुम्ही भाजी वाढून घेत राहायचात.

मी एकोणीस वर्षांची, अमरावतीच्या कॉलेजातून दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेली. टेबलाशी बसून रोग्यांची नावं लिहून घेते आहे. एक म्हातारी तिशीतल्या सुनेला हाताला धरून आत आणते. सलग दोन हंगाम अळीने कापूस नेलेला, उरला त्याला भाव नाही, म्हणून या बाईचा नवरा सुरतेला कामाला गेला. आठ महिने निरोप नाही, पत्ता नाही. ती रोज एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभी राहायची. एका सकाळी उठली, तर समोर काहीच नव्हतं.

‘मले काहीच दिसून नाही राह्यलं, साहेब. सारं पांढरंफटक.’

तुम्ही टॉर्चने पाहिलंत, भिंगातून पाहिलंत. मग भिंतीवरचा दाढीचा आरसा काढून तिच्या तोंडासमोर धरलात आणि सावकाश इकडून तिकडे हलवलात. तिचे डोळे आरशाबरोबर हलले, दिसत असल्यासारखे. मी पाहिलं. तुम्हीही पाहिलंत, आणि आरसा परत जागेवर टांगलात. तिच्या डोळ्यांत साधेच थेंब टाकलेत. ‘दर मंगळवारी ये, माय. येईल नजर. घाई नाही.’ तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता.

तिसऱ्या मंगळवारी मला अमरावतीला परत जायचं होतं. बस दुपारी होती. तुम्ही थांब्यावर सोडायला याल का, असं मी सकाळीच विचारलं होतं. ‘आज मंगळवार आहे. जमणार नाही.’ माझी बॅग टेबलाखाली होती. आत तुम्ही त्या बाईशी अर्धा तास बोलत होतात, तिच्या माहेरच्या विहिरीबद्दल, तिच्या गाईबद्दल. बाक भरलेला होता. ती बाहेर आली, मागून तुम्ही आलात, आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘हिला सगळं दिसतं. आरशाबरोबर डोळे फिरतात हिचे. ढोंग करते ही.’

बाकावरून सासूच ओरडली, ‘मी म्हणतच होती! इतके दिस पाणी मी भरून राह्यली, अन् ही बया नाटक करून राह्यली!’ ती बाई दाराकडे निघाली आणि चौकटीवर कपाळ आपटलं. ढोंग करणारा माणूस हात पुढे धरतो, बाबा. तिने धरला नव्हता.

तुम्ही तिच्या कपाळाचं रक्त पुसलंत, पट्टी बांधलीत. माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘बाहेर जा.’ मी बॅग उचलली आणि एकटीच थांब्यावर गेले.

सासूने तिला घरात ठेवलं नाही, महागावकडे माहेरी पाठवून दिलं. तुम्ही एस.टी. बदलत बदलत तिथवर गेलात, एकदा नाही, कितीदा तरी. रविवारच्या तपासणीला सासूच्या गावी गेलात तेव्हा शाळेच्या ओट्यावर उभे राहून सांगितलंत, की हा आजार आहे, सोंग नाही, आणि चूक आमच्या दवाखान्याची झाली. हे मला कंपाउंडरकाकांनी नंतर सांगितलं. होळीपर्यंत तिला माणसं ओळखू यायला लागली, पावसाळ्यात ती निंदणाला गेली. नवरा परत आला नाही. पुढे ती माहेरच्या गावीच शाळेत खिचडी शिजवायला लागली.

तुमच्या तेराव्याला ती आली होती. एवढ्या लांबून, एकटी. तुमच्या फोटोसमोर बसली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘पोरी, तुह्या बापानं मले कधी खोटी नाही म्हटलं.’ त्या मंगळवारी बोललेली पोरगी मीच, हे तिने ओळखलं नाही. तेव्हा तिने मला पाहिलंच कुठे होतं? तिच्यापाशी माझा फक्त आवाज होता. म्हणून मी बोलले नाही. हात जोडले, आणि ती जाईपर्यंत तोंड उघडलं नाही. लोकांना वाटलं, पोरगी दुःखात आहे.

त्या मंगळवारनंतर आठवड्याभरात तुमचं कार्ड होस्टेलवर आलं होतं. तुमचं एकुलतं एक पत्र. ‘तुला त्या बाईचा आजार आधी समजावून सांगायला हवा होता. ते माझं चुकलं. मनाला लावून घेऊ नको.’ मी त्याला उत्तर पाठवलं नाही. सुट्ट्यांत येत राहिले, आपण त्यावर कधी बोललो नाही, आणि तुम्ही ती चूक स्वतःची समजूनच गेलात. आज इतक्या वर्षांनी उत्तर लिहिते आहे, तर टाकायला पत्ता नाही. असता तरी टाकलं असतं की नाही, सांगता येत नाही.

ती पहिल्यांदा आली त्याच दिवशी, संध्याकाळी जेवताना, तुम्ही ताटाकडे बघत म्हणाला होतात, ‘फौजेत असे जवान पाहिलेत मी. डोळे चांगले, आणि खरंच दिसत नाही. त्यांना खोटं म्हटलं की संपतात ते.’ मी तुमच्याकडे पाठ करून ओट्याशी भाकरी भाजत होते, स्टोव्ह भरभर वाजत होता. मी मागे न वळता पुढची भाकरी तव्यावर टाकली. पोरीच्या कानावर गेलंच नाही, असं तुम्हाला वाटलं असेल, किंवा आपण बोललो हेच पुढे विसरला असाल.

मी ऐकलं होतं, बाबा. शब्द न् शब्द.