तूही ये

गुरुवार, संध्याकाळ

आज नववीला च, ही, पण, सुद्धा ही शुद्ध शब्दयोगी अव्ययं शिकवली. इवलीशी असतात, पण वाक्याचा सगळा रोख फिरवतात, असं वर्गात ऐटीत सांगून घरी आलो. आणि मालगुंडच्या ताईने त्याच 'ही'वरून माझी शाळा घेतली!

रविवारी आमच्या नव्या घराची वास्तुशांत. काल तिला मेसेज केला होता, 'तूही ये.' आज संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. आई गेल्यापासून मला मोठं असं तीच एक. शेवटी फोन लावला.

"तू'ही' ये म्हणजे काय रे?" ताई म्हणाली. "सगळ्यांना बोलावून झालं, मग मी आठवल्ये होय?"

खरंच, असं कसं लिहिलं मी? घाईत म्हणावं, तर पाठवण्याआधी दोनदा वाचलं होतं. तरी तो 'ही' दिसला नाही.

"चुकलो ताई. तूच ये."

"मीच? आणि तुझ्या भावोजींनी घरी बसायचं?"

मागून भावोजी हसले. मला मात्र घाम फुटला. वीस वर्षं व्याकरण शिकवतोय आणि सख्ख्या बहिणीला बोलावता येऊ नये?

"ताई, ये ना गं," एवढंच तोंडातून निघालं.

मग म्हणाली, "येत्ये हो. उद्या सकाळीच येत्ये. तुझ्या बायकोने एकटीने किती करायचं?"

फोन ठेवल्याबरोबर आधी तिच्यासाठी वरची खोली झाडून घेतली. उद्या रजा टाकून स्टँडवर जाणार.