प्रेसची जाळी मी काढली होती

मी, पिराजी याकोब घस्ते, वय अडुसष्ट, मूळचा निपाणीचा, सध्या राहणार राजाजीनगर, बेंगळुरू, धर्माने ख्रिस्ती, पूर्वी कारखान्यात यंत्रांचे साचे बसवणारा डाय-सेटर, आता निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. परवा गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. तरी भीतीने काल हा कागद मी तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. यापूर्वीचे मृत्युपत्र असल्यास रद्द समजावे. तसे कोणतेही नाही, पण वकील ईराबाईंनी हे वाक्य घालायला सांगितले.

१. राजाजीनगरचे दोन खोल्यांचे घर माझ्या स्वकष्टाचे असून ते संपूर्णपणे माझा एकुलता एक मुलगा अभिजीत याला मिळावे. अभिजीत, तुझे सगळे इंदिरानगरला आहे, तू हे घर विकशील. खुशाल वीक. मात्र वरच्या मजल्यावरच्या श्रीहरींशी स्कूटरवरून भांडू नकोस. अकरा वर्षे ते ती फाटकात आडवी लावतात. मी त्यांना क्षमा केली आहे. रोज सकाळी बाहेर पडताना ती नव्याने करावी लागते, एवढेच.

२. बँकेत जे असेल त्यातून माझे दफन व्हावे, आणि उरेल ते आमच्या चर्चच्या मंडळीने आजाऱ्यांच्या भेटीसाठी वापरावे. पेटी साधी असावी. तुझी आई चंपा हिच्या शेजारी जागा आहे. काळा ग्रॅनाइट बसवू नये. तू बसवशील अशी मला धास्ती आहे, म्हणून कायद्याच्या कागदात लिहितो.

३. माझा मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि पान्यांची पेटी कोणत्याही तंत्रशाळेला द्यावी. मायक्रोमीटरला तेल लावून मगच द्यावा.

४. आता ज्यासाठी हा कागद लिहायला घेतला ते. १९९१ साली यशवंतपूरच्या कारखान्यात काम लवकर उरकावे म्हणून मी पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसची संरक्षक जाळी काढून ठेवली. मला कोणी सांगितले नव्हते. त्या प्रेसवर नागराज होता. इथल्याच जुन्या मराठी घरातला, तीस वर्षांचा. त्याच्या उजव्या हाताची चार बोटे गेली. चौकशीला कारखान्यांचे इन्स्पेक्टर इस्पितळात आले. मी दारामागे उभा होतो. नागराज खाटेवरून म्हणाला, "जाळी मीच काढली. घाई होती."

मी नंतर विचारले, "असं का सांगितलंस?"

तो म्हणाला, "अण्णा, तुमचं बाळ आठ दिवसांचं आहे. माझी बोटं काय परत येणार?"

ते बाळ म्हणजे तू, अभिजीत. तुझा यात काही दोष नाही. नागराज पुढे निवृत्त होईपर्यंत त्याच कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी म्हणून बसला. मला फोरमन करत होते, मी झालो नाही. लोकांना वाटले, माणूस साधा आहे. दर शनिवारी चर्च झाडले, संडास धुतले, आजाऱ्यांच्या उशाशी बसलो. लोक म्हणत, पिराजी किती नम्र! प्रभूची कृपा फुकट मिळते हे लहानपणापासून पाठ होते. पण फुकटचे घेणे मला जमले नाही. मी झाडूने तिची किंमत चुकती करत राहिलो. तुझ्या आईशिवाय हे कोणाला सांगितले नाही.

मागच्या महिन्यात, शस्त्रक्रिया ठरल्यावर, मी नागराजकडे गेलो. म्हणालो, "अर्धं घर तुझ्या नावावर करतो."

"कशाला?"

"तुझ्या हाताचं काही तरी केलं पाहिजे मला."

"चौतीस वर्षं हेच फेडत बसला होता काय तुम्ही? मी त्याच दिवशी सोडलं होतं सगळं. घर नको. साक्षीदार लागतो ना? मी येतो."

ईराबाई म्हणाल्या की साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही. दिले तरी बाद होते. त्याचे मन बदलेल या आशेने मी त्याला ते सांगितले. तो म्हणाला, "सरी, ठीक. तसंच बरं."

मी घाबरलो. काही फेडायचेच नसेल, तर शनिवारी झाडू कशाला धरायचा? या शनिवारी मुद्दाम गेलो नाही. दुपारपर्यंत घरात बसवेना. मग गेलो आणि झाडले. कशासाठी ते अजून नीट सांगता येत नाही. छान वाटले.

५. आमच्या चर्चचे पाळक रविकिरण यांना मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमतो. संडे स्कूलच्या खोलीला माझे नाव देण्याचे मंडळीने ठरवले आहे. ते देऊ नये. माझ्या दफनाच्या वेळी कलम चार मराठीत आणि कन्नडमध्ये मोठ्याने वाचावे. हे सांगण्यातही माझा गर्व असेल, तर देवाने तो पाहून घ्यावा. मला ओळखता येत नाही.

नागराजला मराठी वाचता येत नाही, म्हणून सहीपूर्वी सगळे त्याला वाचून दाखवले. कलम चार झाल्यावर त्याने मला थांबवले.

"त्याच दिवशी सोडलं म्हणालो ना, ते खोटं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोललो. दोन वर्षं तुमचं तोंड बघवत नव्हतं. शर्टाची गुंडी लावताना शिव्या द्यायचो. मग हळूहळू गेलं. ते लिहा."

"कशाला ते?"

"मी काय देव आहे, एका दिवसात सोडायला? खरं ते लिहा."

त्याच्या सांगण्यावरून ते येथे लिहिले. चौतीस वर्षांत त्याचा उजवा हात मी कधी धरला नव्हता. आज धरला.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, वाचून दाखवला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यांनीही माझ्या समोर केली.

पिराजी याकोब घस्ते (सही)

साक्षीदार :
१. नागराज, यशवंतपूर (सही, डाव्या हाताने)
२. डॉ. नरसिंह, राजाजीनगर (सही)

ठिकाण : बेंगळुरू
दिनांक : ४ नोव्हेंबर २०२५