डाव्या हातातली माळ

४ नोव्हेंबर, सोमवार
जपाची माळ सासूबाईंच्या डाव्या हातात! कुणी जप करतं का डाव्या हातानं? तसं म्हटलं, तर आईचं चित्र काढायला बसलेले आमचे चित्रकार म्हणतात, "उजेड डावीकडून येतो." म्हणजे खिडकी सांगणार आणि देवानं ऐकायचं! बरं, जप करायचाच नाही, माळ नुसती धरून बसायची. ओठ हलले की यांची रेघ चुकते.
जेवणाच्या टेबलावर रंग. आम्ही जेवतो ओट्याशी, उभ्यानं. प्रदर्शन जवळ आलंय ना!

५ नोव्हेंबर
हिशेबाच्या याच वहीत मांडलं: पुन्हा रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनची बाटली. दूध कमी केलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी सासूबाईंना चक्कर आली. डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर म्हणतात, "अगं, चित्र होऊ दे. एरवी तो कधी बसतो माझ्यासमोर?" यांना सांगितलं, तर मानसुद्धा वर केली नाही. "प्रदर्शन झालं की नेऊ." म्हणजे आईनं आता यांची तारीख विचारून आजारी पडायचं!
मीच फोन केला. डॉक्टरांनी सोमवारी बोलावलंय. बघते कोण अडवतं.

८ नोव्हेंबर
माळ दोनदा गळून पडली. बरं झालं! देवालाच पसंत नसणार. उचलून डोळ्यांना लावली आणि यांना ऐकवलंच. यांचं आपलं एकच — "आई, घट्ट धर ना." "धरलीय रे."

९ नोव्हेंबर, शनिवार
आज कहर झाला! ओठांचा डावा कोपरा जमत नाही म्हणून सकाळपासून घर डोक्यावर.
"आई, तोंड सरळ ठेव."
"सरळच आहे रे."
"काल वेगळं होतं! रोज बदलू नकोस."
सत्तरी उलटलेली बाई, तिनं यांच्यासाठी तोंडही आवळून बसायचं? रंग लावला, खरवडला, परत लावला, परत खरवडला. चहा घेऊन गेले तर माझ्यावर डाफरले, "उजेडात येऊ नकोस!" मग मीही कप आपटला. म्हटलं, लोकांच्या डोक्यावर छप्पर नाही, आणि तुमचं जग एका ओठाच्या कोपऱ्यावर अडलंय!
बोलले ते बोलले. पश्चात्ताप नाही.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ. दवाखान्यात
दुपारी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हातात ब्रश, चेहरा पांढराफटक. "माझा हात चुकत नव्हता गं. आईचं तोंडच वाकडं झालंय."
धावले. सासूबाई माझ्याकडे बघून हसायला गेल्या — हसू अर्ध्याच तोंडावर आलं. माळ फरशीवर पडलेली.

१० नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, "अर्धांगाचा झटका. इतका उशीर करायला नको होता. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही?" लक्षात कुठलं! हे त्यांना तोंड सरळ ठेव म्हणून रागावत होते, आणि मी माळ उचलून देवाची मर्जी सांगत होते! नुसता एकदा त्यांचा हात हातात घेऊन बघायला काय झालं होतं मला?
राग अजून आहेच. फक्त काढायचा कुणावर, ते कळत नाही.

१४ नोव्हेंबर
सासूबाई आज बोलल्या. जीभ जड, पण शब्द कळले. "त्याला म्हणावं, आता उजवीकडून काढ. आणि माळ दे या उजव्या हातात."
हिशेबाच्या वहीचं पान मी आजवर कधी फाडलं नाही. आज या वहीचं मधलं कोरं पान फाडलं आणि पेन्सिलीसकट यांच्या पुढ्यात ठेवलं.