ताईच्या हातचं

मंगळवार, सकाळ

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे मजेत. आईचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र ठणठणीत आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून ती माझंच डोकं खाते.

माझं म्हणशील तर या अन्नतपासणीच्या नोकरीनं पार पिट्टा पाडलाय. आधी कारखान्याची खानावळ, मग लग्नाचा हॉल, मग इस्पितळाचं स्वयंपाकघर. उलट्या, जुलाब, ताप. माणसं ओळीनं आडवी. पाणी, दूध, भांडी, सगळं तपासलं. कुठं काही नाही. पण आजाऱ्यांच्या पोटात तिन्हीकडे जंतू एकच! साहेब म्हणाले, "भूत वाढतंय की काय जेवण?" सगळे हसले. मीही हसले.

काल इस्पितळात भांडी घासणारी बाई गुणगुणत होती. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आईची अंगाई होती ती. मधली ओळ विसरून आई नुसतं "हं हं" करते ना, अगदी तसंच.

"हे कुठं शिकलात?"

"अहो, स्वयंपाकाच्या बाई म्हणायच्या. पहिला माणूस आजारी पडला आणि त्या काम सोडून गेल्या."

"त्यांना काही झालं नाही?"

"छे हो! आमच्यातच जेवायच्या, पण साधी शिंक नाही. हाताला काय चव! दही-काकडी हातानंच कालवायच्या. म्हणायच्या, चमच्याला मीठ कळत नाही."

मी कारखान्यात परत गेले, हॉलवर गेले. तिथल्या बायकाही तेच गुणगुणत होत्या.

आपला भाऊ छोटू गेला तेव्हा घर तापानं फणफणलं होतं. तू एकटी धडधाकट, सगळ्यांना भरवत होतीस. आई अजून कौतुकानं सांगते, थोरली माझी लोखंडाची. काल मी नुसती मान डोलावली.

ताई, जंतू काहींच्या पोटात मुकाट राहतो. त्यांना काही होत नाही, त्यांच्या हातचं खाणाऱ्याला होतं. औषध आहे गं यावर. तुझा दोष नाही. पण माणसं पडायला लागली की तू निघून का जातेस, हे मी विचारणार नाही.

आई म्हणाली, तुझा निरोप आला होता, आता तू मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागलीस.

हे पत्र ड्रायव्हर आत देईल. मी फाटकाशी उभी आहे. आत आले तर साहेबीण म्हणून यावं लागेल, म्हणून आले नाही. कालवलं असशील ते झाकून ठेव, कुणालाही वाढू नकोस. मागच्या दाराशी मी कुणाला उभं केलेलं नाही. तरी तू पुढूनच ये. मला फार भीती वाटतेय.

अंगणात पोरं खेळताहेत. त्यातलं एक आईची अंगाई म्हणतंय, मधल्या "हं हं"सकट.

लवकर ये.

तुझ्या हातचं खाऊन वाचलेली,
धाकटी