पट्टा पडेपर्यंत

माय, काल अण्णांनी धारूरहून फोन केला आणि एकदम विचारलं, "तिचा हात तवाच नीट झाला असता का गं?" तुला जाऊन इतकी वर्षं झाली, त्यांनी हा विषय कधी काढला नव्हता. कापलेल्या नसांवर मी काम करते, हे गावात कुणीतरी त्यांना नीट समजावलेलं दिसतं. लोकांना दुसरे उद्योग नसतात.

ऊस तोडताना कोयता निसटून तुझ्या उजव्या मनगटात घुसला. फडकं बांधलं आणि अण्णा म्हणाले, "पट्टा पडू दे, मंग जाऊ मोठ्या दवाखान्यात." पट्टा पडणार म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणार. तोवर नवरा-बायको मिळून एक कोयता. तू बसलीस की अण्णा अर्धा कोयता, आणि अर्ध्याला टोळीत कोण विचारतो? म्हणून तू डाव्या हातानं नि दातानं मोळ्या बांधत राहिलीस. जखम भरली, पण अंगठ्याखालचं मांस बसत गेलं. पाचटाच्या कोपीत, त्या बुटक्या झोपडीत, एका हातानं भाकरी थापताना तू हसून मला दाखवतेस, "ह्यो हात लेकरू झालाय बग. ह्याला काई धरताच येत न्हाई." अण्णा विचारतात, "दुखतंय का?" तू म्हणतेस, "न्हाई."

आता मी रोज उंदरांच्या स्नायूंत तेच बघते. नसेचा निरोप पोचला की तो पुसून टाकणारं एक एन्झाइम असतं. गर्भातल्या पिल्लात, नस जोडली जाण्याआधी, ते जेमतेमच तयार होतं. नस आली की त्याचं जनुक जोमानं चालतं; नस कापली की पुन्हा मंदावतं. उलट गर्भातली, मोठेपणी बंद पडलेली काही जनुकं जागी होतात. मोठा स्नायू खरंच लेकरू होतो. तू आपली चेष्टेत म्हणाली होतीस. पण असा स्नायू कायमची वाट बघत नाही. वेळेत नस शिवली तर बरंच काही परत येतं, उशीर झाला की स्नायू आटून जातो.

अण्णांना मी सांगितलं, "न्हाई अण्णा, नस तुटली की संपलंच." ते म्हणाले, "मंग बरं झालं." मला त्यांचा राग येतो गं, अजून येतो, तरी फोन ठेवून मी रडले.

निदान तुला तरी खरं सांगावं म्हणून लिहायला बसले, तर तेही अर्धंच. कोयता लागल्यापासून पट्टा पडेपर्यंत किती दिवस गेले, ते मला काढता येईल. मी अजून मोजलेले नाहीत.