अर्धा निळा राजीनामा

जालना,
रविवार, सकाळचे साडेदहा

प्रिय ज्योत्स्ना,

सप्रेम जयभीम. आधी तक्रार आणि मग क्षेमकुशल, हा क्रम शास्त्राला धरून नाही हे मला ठाऊक आहे. पण अपराधच तसा आहे. माझ्या बावन्नाव्या वाढदिवसाला तू पुण्याहून जे पेन पाठवलंस, त्याची रिफिल या शहरात मिळत नाही. गांधी चमनपासून मामा चौकापर्यंत स्टेशनरीची अकरा दुकानं मी पायी पालथी घातली. दहा जणांनी नुसती मान हलवली. अकराव्याने पेन उघडलं, आत फुंकर मारली, पुन्हा बंद करून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "काका, हे संपलं की फेकायचं असतं ना." तुझ्या भेटवस्तूविषयी एवढं थंड वाक्य ऐकून घेतल्यावर मी त्याच्याकडून पाच रुपयांचं काळं बॉलपेन घेतलं. हे पत्र त्यानेच लिहितो आहे. अक्षर बिघडलेलं वाटलं तर दोष तुझा.

पेन गेलं तेही कसं, ऐक. शाई फिकी होत जाणं नाही, अडखळणं नाही. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, वाक्याच्या ऐन मध्यावर एकदम निवर्तलं. ते वाक्य असं होतं: "मी आपल्या कंपनीतील पदाचा राजीनामा देत असून त्याचे कारण". इथपर्यंत निळी शाई पुरली. पुढचं "वैयक्तिक आहे" मी खाली काउंटरवर दोरीने बांधलेल्या काळ्या पेनाने, वाकून, बियाण्यांचे दोन डीलर मागे उभे असताना लिहिलं. कागद अर्धा निळा आणि अर्धा काळा झाला आहे. असा राजीनामा स्वीकारार्ह आहे का, याबद्दल ग्रंथांत काही सापडत नाही.

हे वाचून तू खुर्चीत सरळ बसली असशील. बस. पण लगेच आईला फोन लावू नकोस, तिला माहीत आहे. राजीनामा अजून दिलेला नाही. तो माझ्या ड्रॉवरमध्ये, मिरचीच्या पाकिटांच्या नमुन्यांखाली आहे. दुसरी नोकरी हातात नाही, कुठे अर्जही केलेला नाही, आणि बावन्न वर्षांच्या, बियाण्यांना नावं सुचवणाऱ्या माणसासाठी जाहिरात गेल्या महिनाभरात एकाही वर्तमानपत्रात आलेली नाही. मी पाहतो रोज.

तुला आठवतं का, तिसरीत असताना ‘माझे वडील’ या निबंधात तू लिहिलं होतंस, "माझे पप्पा बियांचं बारसं करतात." बाईंनी ते खोडून वर लाल शाईने लिहिलं, "खाजगी कंपनीत नोकरी करतात." माझ्या कामाचं इतकं अचूक वर्णन त्याआधी कोणी केलं नव्हतं, नंतरही नाही. बाईंनी केलेली दुरुस्तीही चुकीची नव्हती म्हणा.

तुझ्या आजोबांनी जिनिंग फॅक्टरीत सरकी वाहून मला संस्कृत शिकवलं. "जे आपल्याला ऐकूसुद्धा देत न्हवते ते तू वाच, आन् जरा मोठ्यानं वाच," असं ते म्हणायचे. मी मोठ्यानं वाचलं, एम.ए. केलं, आणि सात वर्षं तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवलं. शेवटच्या वर्षी वर्गात एकच विद्यार्थिनी उरली होती. तीही दिवाळीच्या सुट्टीत लग्न होऊन परभणीला गेली. मग बियाणे कंपनीचे मालक राधेश्यामजी यांनी बोलावलं. त्यांना नव्या वाणांसाठी भारदस्त नावं हवी होती. त्यांनी पहिल्याच दिवशी मला "पंडितजी" म्हटलं. घरी येऊन हे सांगितलं तर तुझे आजोबा खोकला लागेपर्यंत हसले. आपल्या घरात पंडित व्हायला इतक्या पिढ्या लागल्या आणि झाला तोही कापसाच्या पाकिटामागे.

खोटं कशाला सांगू, पहिली आठ-दहा वर्षं मजा आली. पैदास विभागाकडून नुसता नंबर यायचा, मी त्याला नाव द्यायचं. राधेश्यामजींची अट एकच: नाव ट्रॅक्टरवरून ओरडून सांगता आलं पाहिजे. मिरचीला मी ‘कृशानु’ म्हणजे अग्नी असं नाव दिलं, सोयाबीनला ‘विपुला’. दुकानदार त्यांचे काय उच्चार करत ते मी इथे लिहीत नाही, रविवारची सकाळ आहे. एसटीने जाताना एखाद्या बांधावर आपलं नाव रंगवलेली पाटी दिसली की बरं वाटायचं. शेजारी बसलेल्याला सांगावंसं वाटायचं, पण तो बहुधा झोपलेला असायचा.

मग हळूहळू नंबर कमी झाले आणि नावं वाढली. हे तुला नीट सांगितलं पाहिजे. दोन वर्षांपूर्वी एकशे बारा नंबरच्या कापसाला मी ‘शुभ्रांशु’ असं नाव दिलं होतं. त्याची बोंडं गळाली, तक्रारी आल्या, ते नाव बंद झालं. यंदा मार्चमध्ये टेबलावर नवी फाइल आली, नव्या पाकिटाचा नमुना, कोरी चौकट, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात तोच नंबर. मी फाइल घेऊन राधेश्यामजींकडे गेलो. ते माणूस म्हणून वाईट नाहीत; त्यांनी मला चहा दिला. म्हणाले, "पंडितजी, वाण वही है. पाऊस नवा, साल नवं, नाव नवं. तुम्ही फक्त नावाचं बघा." मी चहा प्यायलो. नावाचं बघितलं. संध्याकाळपर्यंत ‘नवनीता’ सुचलं. नाव चांगलं आहे, हीच तर अडचण.

मागच्या आठवड्यात कंपनीचा शेतकरी मेळावा जाफराबादकडे होता. एरवी मी असल्या ठिकाणी जात नाही, पण भाषण करणारा मिथुन आजारी पडला आणि त्याचा सदरा घालून बोलायला मला पाठवलं. सदऱ्यावर कंपनीचं चिन्ह आहे म्हणून. नाहीतर दोघांच्या पोटांचा काही मेळ नाही. भाषण झाल्यावर जेवणाच्या रांगेत साठीच्या एक बाई माझ्यापाशी आल्या. नाव नंदाबाई. डोक्यावरचा पदर, हातात पत्रावळ, डोळे मात्र परीक्षा घेणारे. म्हणाल्या, "साहेब, पाकिटावरलं नाव तुमी ठिवता का?" मी जरा ताठ होऊन हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "मंग ऐका. ही नवनीता दोन साल मागं आल्ती आमच्या रानात. तवा दुसरं नाव सांगून आल्ती. पान त्येच, देठ त्येच, बोंड गळायची खोड बी त्येच. नाव बदललं म्हून वळखू येनार न्हाई का?"

मी विचारलं, फार नुकसान झालं का. त्या हसल्या. "मला काय येड लागलंय का सगळ्या रानात लावायला? चार वळी लावून बघितल्या. बाकी सोयाबीन हाय." मग त्यांनी पत्रावळीवर वरण वाढून घेतलं, दोन पावलं गेल्या आणि परत वळल्या. "पर नाव लई गोड ठिवता बघा. श्रावणात नात झाली. नाव सुचंना, मंग म्या त्या पाकिटाचाच कागद पुढं केला. नवनीताच ठिवलं. पोरगी गुणाची निघाली. तुमचं नाव पोरीला चाललं साहेब, बियाला न्हाई."

एकोणीस वर्षांत माझ्या कामाबद्दल कोणी दिलेला हा पहिला अभिप्राय. मी तो मान खाली घालून स्वीकारला आणि मिथुनच्या सदऱ्यावर वरण सांडलं. परतीच्या शेअर जीपमध्ये अकरा माणसं, एक शेळी आणि मी. सगळ्यात स्वस्थ शेळी होती. त्या मुलीला पुढे शाळेत कोणी विचारलं, हे नाव कुठून आलं, तर ती काय सांगेल, असा विचार जालना येईपर्यंत करत होतो. तुझं नावही मीच दिलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं नाव, आणि ते देताना मी कोणाच्या खोलीत चहा प्यायलो नव्हतो.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. तुझ्या आईचं नाव सत्यशीला आहे हे मी लग्नाआधी गांभीर्याने घ्यायला हवं होतं. अंगणवाडीचं रजिस्टर भरता भरता ती म्हणाली, "सोडायची तर सोडा. मला इचारून राह्यले का स्वतःलाच सांगून राह्यले? पर एक अट. घरात बसून माझ्या डब्यांना नावं द्यायची न्हाईत." एवढ्यावर चर्चा संपली. एकोणीस वर्षं मी या बाईंच्या भीतीने नोकरी करतो आहे असं समजत होतो. आता कळलं, तिला कधी विचारलंच नव्हतं.

म्हणजे अडवणारं घरी कोणी नाही. दहावीला गुण मिळतात म्हणून संस्कृत घेणारी बरीच मुलं शहरात आहेत, त्यांना शब्द चालवायला शिकवीन. आईचं मानधन आहे. दोन माणसांचं भागेल. तरीही राजीनामा गुरुवारपासून मिरचीखाली पडून आहे, आणि त्याला कारण रंग नव्हे. शुक्रवारी मी तो घेऊन राधेश्यामजींच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. तेव्हा मनात नंदाबाई नव्हत्या. मे महिन्यात तू घरी आली होतीस, तेव्हाचं एक जेवण होतं. आईने विचारलं, आणखी भाकरी वाढू का, आणि तू ऑफिसच्या आवाजात म्हणालीस, "आपली विनंती विचाराधीन आहे." विनोद चांगला होता. पण हसलं कोणी नाही, तूसुद्धा नाही. भाकरीही घेतली नाहीस.

दोन वर्षांपूर्वी तू फोन केला होतास. विमा कंपनीत लागून तुला वर्ष झालं होतं. म्हणालीस, "पप्पा, मी दिवसभर आजारी माणसांना नाही म्हणायची पत्रं लिहिते. मला सोडायचीय. दुसरी नंतर बघते." मी म्हणालो, पत्राने कळवतो. त्या आठवड्यात तुला चार पानी पत्र पाठवलं. निळ्या शाईत, तीन श्लोकांसह, समास सोडवून. दुसरी हातात आल्याशिवाय पहिली सोडू नये, हे मी त्यात इतक्या प्रकारांनी सिद्ध केलं की तुला उत्तर देता आलं नाही. तू राहिलीस. तेव्हापासून दर रविवारी तू सांगतेस, "बरं चाललंय," आणि मीही सांगतो, "बरं चाललंय," आणि मग आपण हवामानाबद्दल बोलतो. म्हणूनच आज फोन केला नाही. पत्राने दिलेला सल्ला पत्रानेच मागे घ्यावा. मी तो मागे घेतो आहे. चारही पानं. श्लोक मूळ ग्रंथांकडे परत गेले असं समज.

त्या चार पानांत एक गोष्ट लिहिलेली नव्हती, ती आता लिहितो. त्या वर्षी मलाही सोडायची होती. मी मनात धरलं होतं, ज्योत्स्नाचं बस्तान बसू दे, मग मी मोकळा. सल्ला तुझ्या नावाने होता आणि सोय माझी होती. पाकिटावर एक आणि आत दुसरं, हे काम मी ऑफिसात शिकलो आणि घरी तुझ्यावर वापरलं. नंदाबाईंनी चार वळी लावून बघितल्या. तू मात्र माझा शब्द सगळ्या रानात पेरलास.

तेव्हा तुझं उत्तर आल्याशिवाय तो कागद ड्रॉवरमधून निघणार नाही. तू आधी सांग, तिथे राहायचं आहे की नाही. मला विचारू नकोस, मला सांग. सोडून इकडे आलीस तर तुझी खोली आहे तशीच आहे, फक्त तिथे आईचे डबे आहेत, अनामिक. माझं नंतर बघू. मला नोकरी जाण्याची काळजी नाही. लोक काय म्हणतील याचीही नाही. मला काळजी एवढीच आहे, की मी सोडली हे कळलं तर तू आमच्यासाठी म्हणून तिथेच राहशील, रविवारी फोनवर "बरं चाललंय" म्हणशील, आणि मी ते खरं मानीन, कारण ते मला सोयीचं असेल.

तुझाच,
पप्पा